साडेनऊ महिन्यांची मुलगी रांगत नाही, आणि चमचा सारखा खाली टाकते

ताई, तुमची मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, आधाराशिवाय नीट बसते, पण रांगत नाही. शेजारचं बाळ मात्र आठव्या महिन्यातच घरभर रांगतंय. शिवाय जेवायला बसवलं की ती चमचा वीस-वीस वेळा खाली टाकते आणि दिसेल ते तोंडात घालते. रांगण्याची तुम्हाला काळजी वाटतेय आणि चमच्याचा वैताग येतोय. मी म्हणेन, आधी चमचाच नीट बघा. तिच्याबद्दल तो जास्त सांगतो.

सहा-सात महिन्यांच्या बाळाला वस्तू धरता येते, पण ठरवून सोडता येत नाही, ती हातातून निसटते. मूठ हवी तेव्हा उघडणं साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमायला लागतं. नवी कला हाती आली की बाळ तीच ती करत राहतं. म्हणजे हा हट्ट नाही, सराव आहे. पुढच्या वेळी चमचा पडला की तीन गोष्टी बघा. पडलेला चमचा ती वाकून शोधते का? शोधत असेल, तर डोळ्यांआड गेलेली वस्तू कुठेतरी असतेच, हे तिला कळू लागलं आहे. टाकल्यावर तुमच्या तोंडाकडे बघते का? ती तुम्हाला खेळात ओढते आहे, आणि पुढच्या बोलण्याची मुळं इथेच असतात. तिसरी गोष्ट, दोन्ही हातांनी टाकते का? हे सहसा कुणी बघत नाही. वर्षाच्या आतलं बाळ दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरतं. एकच हात पुढे येत असेल आणि दुसऱ्याची मूठ आवळलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरी होणार बहुतेक’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

वस्तू लपवायचा खेळ घरीच करून बघता येतो. झोप झालेली हवी आणि पोट भरून अर्धा तास झालेला हवा. पेंगुळलेल्या किंवा भुकेल्या बाळावरून काहीच कळत नाही. तिची आवडती वाटी तिच्यासमोर रुमालाखाली ठेवा. आधी अर्धी झाका, मग पूर्ण. या वयात बरीच बाळं रुमाल ओढतात. जमलं, की दोन रुमाल घ्या. वाटी तीन-चार वेळा डावीकडच्या रुमालाखाली लपवा आणि मग तिच्या डोळ्यांदेखत उजवीकडच्या. ती बहुधा डावीकडेच शोधेल. ही चूक या वयाचीच आहे, वर्षाच्या आसपास कमी होते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करताना ती टिपून ठेवली होती. आपलं ‘बुवाऽऽ कुक’ हे त्याच समजेचं खाद्य आहे.

आता रांगणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात हात-गुडघ्यांवर रांगण्याचा काळ 5.2 ते 13.5 महिने इतका पसरलेला आहे, एकट्याने चालण्याचा 8.2 ते 17.6. सुमारे 4 टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आधाराशिवाय बसण्याची मुदत मात्र 9.2 महिन्यांना संपते आणि तुमची मुलगी बसते आहे. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर तेवढे आठवडे वयातून वजा करून मगच हे आकडे लावायचे. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच धरतात.

रांगणं उशिरा येण्याचं एक कारण घरातच असतं: बाळ दिवसभर कडेवर, झोळीत किंवा खुर्चीत असतं. जमिनीवर सतरंजी अंथरा, तिला पालथी ठेवा आणि खेळणं हाताला लागणार नाही, पण जवळच दिसेल असं ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा, कंटाळेपर्यंत. गुळगुळीत फरशीवर पायजमा घातलेले गुडघे घसरतात, म्हणून गुडघे आणि पावलं उघडी ठेवा. आत बसवायचा चाकांचा वॉकर कृपया आणू नका. त्यात बाळ पायाच्या बोटांनी रेटा देतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका आहेच. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळाला स्वतः उभं राहून ढकलावा लागतो. पण ती धरून आपली आपण उभी राहू लागली की मगच, आणि कुणीतरी शेजारी असताना.

तोंडात घालणं थांबवू नका. या वयात ओठ आणि जीभ बोटांपेक्षा जास्त सांगतात. थांबवायची ती चुकीची वस्तू. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते तिच्या हाती नको. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, दृष्टीच्या मनगट्यांचे सुटे मणी, आणि बोरन्हाणातली बोरं, हलवा, गोळ्या. कौतुकाच्या त्या गर्दीत सतरंजीवरचा एखादा दाणा बाळ कधी उचलतं ते कळत नाही, म्हणून तिच्यासाठी नुसते चुरमुरे उधळा आणि लगेच सतरंजी झटका. रिमोटमधली बटणासारखी बॅटरी गिळली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा वाट न बघता रुग्णालय गाठा. घशात काही अडकलं आणि आवाजच फुटत नसेल, तर मांडीवर पालथं धरून, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आळीपाळीने. दुसऱ्याला मदत बोलवायला सांगा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

चिमटीची पकड बघायला ताटलीत मऊ भाताची शितं ठेवा. सातव्या महिन्यात बाळ अख्ख्या पंजाने ओरबाडतं, दहा ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी उचलू लागतं.

ऐकण्याची घरगुती परीक्षा फसवी असते. मागून टाळी वाजवली तर बाळ हवेच्या झोताने किंवा सावलीनेही वळतं. त्यापेक्षा ‘बाबाबा, दादादा’ असे अक्षरांचे सूर निघतात का ते ऐका. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकारतं, पण या अक्षरांपाशी अडखळतं. शंका असेल तर बेरा चाचणी करून घ्या, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे मोजणारी तपासणी.

ज्या दिसल्यावर वाट बघत थांबू नये, अशा गोष्टी थोड्या आहेत. नावाला वर्षापर्यंतही प्रतिसाद नसणं, बारा महिन्यांपर्यंत अक्षरं नसणं, पंधरा महिन्यांपर्यंत बोट दाखवून काही न मागणं, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटणं, रांगताना एकच बाजू ओढत नेणं. आणि कोणत्याही वयात आलेली कला हरवणं, त्यासाठी तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी मोफत होते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि फोनवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन व्हिडिओ न्या: एक जमिनीवर पालथी असतानाचा, एक खाताना हातांचा, एक तुम्ही नाव घेऊन हाक मारतानाचा. अनोळखी खोलीत बहुतेक बाळं रडतात, आणि मग डॉक्टरांना यातलं काहीच दिसत नाही.