कालवडी घेण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. सासऱ्यांनी रँचचा कारभार तुम्हा दोघांच्या हाती सोपवला, हे वाचून फार बरं वाटलं. आणखी दहा कालवडी घ्याव्यात का, असं विचारलंयस. यंदा घेऊ नकोस.

हवाईतल्या तुमच्या हामाकुआच्या किनाऱ्यावर पाऊस भरपूर, गवत कमरेच्या वर, म्हणून मोह होतो. पण जनावरांचा आकडा कोरड्या वर्षाच्या गवतावर ठरवायचा असतो. गावाकडे चारा संपला तर शेजारच्या तालुक्यातून कडबा येतो. हवाईच्या या बेटावर तो हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येतो आणि भाड्यातच कंबर मोडते. इथली बहुतेक वासरं दूध तुटल्यावर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर धाडतात ती याच हिशोबाने: धान्य इकडे आणण्यापेक्षा वासरू तिकडे नेणं परवडतं.

तुमची जमीन पूर्वी उसाची. 1994 मध्ये हामाकुआतली साखर बंद झाली आणि गिनी गवताने रान धरलं. हे गवत उंच झालं की जून होतं, कस उतरतो. म्हणून विजेच्या कुंपणाची तार दर एक-दोन दिवसांनी सरकव, वीतभर बुडखा राखून गुरं पुढे काढ. घाणेरी दिसली की मुळासकट उपट. ती इथेही माजली आहे आणि गुरांना विषारी आहे.

सकाळी चहाआधी हौद बघ. गाय उन्हात पन्नासेक लिटर पाणी पिते, आणि बॉलकॉक अडकला तर पत्र्यावरून टाकीत साठवलेलं पाणी रातोरात वाहून जातं.

मुंग्यांना मात्र मी सगळ्यात जास्त भिते. 1999 मध्ये या बेटावर सापडलेली ही छोटी लाल मुंगी जेमतेम दीड मिलिमीटरची, झाडावरून टपटप पडते. डोळ्यांना चावते, बुबुळावर पांढरट पडदा येतो, जनावर आंधळंसुद्धा होतं. जेवणाच्या चॉपस्टिकला पीनट बटरचा पातळ हात लाव आणि हौदाच्या कडेला, झाडाच्या बेचक्यात, सावलीत तासभर ठेव. मुंग्या असतील तर येतातच. बाहेरून आणलेली कुंडी, पालापाचोळा, गवताचा गठ्ठा हे तपासल्याशिवाय फाटकाच्या आत घेऊ नकोस, मग आणणारा घरचा का असेना.

वासरांना डाग देण्याच्या दिवशी शेजारी येतील, आपल्याकडे इर्जिक घालतात तसे. त्यांना पोटभर जेवू घाल आणि त्यांच्याकडे बोलावणं येण्याची वाट न बघता जा. ही माणसं घोड्यावर वाढलेली. 1793 मध्ये व्हँकूव्हर या इंग्रज कप्तानाने इथल्या कामेहामेहा राजासाठी गुरं आणली, राजाने त्यांना मारायला बंदी घातली, ती मोकाट माजली; पुढे त्यांना आवरायला मेक्सिकन घोडेस्वार बोलवावे लागले. पानिओलो, म्हणजे इथले घोडेस्वार गुराखी, घडले ते त्यांच्या हाताखाली. या शेजाऱ्यांकडून दोर टाकायला शीक.

आता अवघड गोष्ट. ही गुरं मांसासाठी पाळलेली आहेत. तू लहानपणापासून गायीला हात जोडत आलीस, मीही. ट्रक येईल त्या दिवशी घरात दार लावून बसू नकोस, गुरं ट्रकमध्ये चढवायच्या गल्लीपाशी उभी राहा. काठी नको, आरडाओरडा नको, कुत्रा बांधलेला असू दे. घाबरलेल्या जनावराचं मांसही काळपट, कडक पडतं, हे खरंच. पण तेवढ्यासाठी मी सांगत नाही. ज्या जनावराला आपण वाढवलं, त्याचा शेवटचा दिवस शांत जाईल एवढं तरी आपल्या हातात असतं.

आणि सासऱ्यांना कोरड्या वर्षांबद्दल विचार. कुठल्या हौदाचं पाणी आधी आटतं, कुठल्या कोपऱ्यात गवत शेवटपर्यंत टिकतं, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणून ते आता रानात उतरत नाहीत, तर पिकअपमध्ये बसवून एकेक तुकडा फिरव. ते बोलतील तसं वहीत उतरवून घे.

तुझी,
मावशी