वाचकांचे प्रश्न : जुन्या एस्टीमच्या बॉनेटखाली टर्बो

प्रश्न : माझ्याकडे २००३ ची मारुती एस्टीम आहे, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) बसवून ती फक्त बंद ट्रॅकवर चालवायची आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा नळ, पुढच्या बाजूला आहे. त्याच्या आणि रेडिएटरच्या पंख्याच्या मध्ये जेमतेम हात जातो. टर्बो नेमका कुठे बसवावा? स्विफ्ट डिझेलचा टर्बो भंगार बाजारात स्वस्तात मिळतो आहे. तो चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बहुतेक जण आधी मोकळी जागा शोधतात, तिथे टर्बो कोंबतात आणि तेलाच्या नळ्यांचा विचार शेवटी करतात. क्रम उलटा हवा. मोजमाप तेलाच्या परतीच्या नळीपासून सुरू करा.

टर्बोच्या बेअरिंगला तेल दाबाखाली मिळते, पण बाहेर पडणाऱ्या तेलावर काहीच दाब नसतो. हवा मिसळून फेसाळलेले ते तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीची नळी आतून किमान १२ मिमी, शक्यतो १६ मिमी हवी. तिचा उतार सलग असावा, उभ्या रेषेपासून ती ३० अंशांपेक्षा जास्त कलू नये आणि मध्ये कुठेही झोळ नसावा. ऑइल चेंबरमध्ये ती तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकच्या 'फुल' खुणेइतकी पातळी चेंबरच्या बाहेरून खडूने आखा. त्या रेषेच्या वर नळीचे तोंड, त्याच्या वर नळीचा उतार आणि त्याच्या वर टर्बो. तुमच्या गाडीत टर्बो किती खाली नेता येईल, हे या हिशेबावरून ठरते. वरची मर्यादा बॉनेट ठरवते. या दोन मर्यादांमध्ये टर्बो मावत नसेल, तर तेल ओढून घेणारा वेगळा विजेचा पंप बसवता येतो. पण तो पंप बंद पडला की टर्बोही जातो. शक्य असेल तोवर तो मार्ग टाळावा.

त्याच मापाच्या टर्बोचे निकामी झालेले बॉडी-हाउसिंग मिळवा आणि ते जागेवर धरून बघा. पुठ्ठ्याचा नमुना इथे फसवतो, कारण होजचे वळण आणि क्लॅम्पला पाना लावायची जागा त्यात धरली जात नाही. कॉम्प्रेसर (हवा दाबणारी बाजू) आणि टर्बाइनची (धुराने फिरणारी बाजू) हाउसिंग मधल्या भागाभोवती फिरवता येतात, त्यामुळे हवेची तोंडे हव्या त्या दिशेला नेता येतात. मधला भाग मात्र मनाप्रमाणे फिरवता येत नाही. तेलाचे वरचे तोंड उभ्या रेषेपासून १५ अंशांच्या आत राहिले पाहिजे. कॉम्प्रेसरचे हाउसिंग फिरवले की वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) दांडीने उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचा ब्रॅकेटही नव्याने करावा लागतो. दांडी तिरकी बसली तर वेस्टगेट अडकते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आवाक्याबाहेर जातो.

आता पंखा. मूळ पंखा आणि त्याचे आच्छादन बरीच जागा खातात. त्याऐवजी पातळ पंखा रेडिएटरच्या एका अर्ध्या भागावर बसवा आणि टर्बो दुसऱ्या अर्ध्यासमोर येऊ द्या. एसी काढून टाकणार असाल तर पंखा पुढून हवा ढकलणारा बसवता येतो आणि मागची सगळी जागा मोकळी होते. बॅटरी डिकीत नेली तर इंटरकूलरच्या (टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांना वाट मिळते. त्यासाठी २५ ते ३५ चौरस मिमीची केबल वापरा, बॅटरीपासून फूटभराच्या आत फ्यूज घाला आणि बॅटरीचा वायू बाहेर काढणारी नळी विसरू नका.

जागा मोजताना इंजिन हलते हे धरून चाला. आडवे बसवलेले इंजिन जोर लागला की पुढे-मागे झुकते. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, एकदा पहिल्या आणि एकदा रिव्हर्स गिअरमध्ये क्लच थोडासा सोडा आणि इंजिन किती सरकते ते दुसऱ्या कोणाला तरी बाजूला उभे राहून बघायला सांगा. त्या हालचालीनंतरही टर्बो आणि रेडिएटरमध्ये २० ते २५ मिमी अंतर उरायला हवे. माउंट जुने असतील तर ते आधी बदला, नाहीतर हे मापच खोटे ठरेल.

डिझेलच्या टर्बोबद्दल : घेऊ नका. स्विफ्टच्या १.३ डिझेलमधला बोर्गवॉर्नर केपी३५ हा ७५ हॉर्सपॉवरच्या, कमी आरपीएमच्या इंजिनासाठी आहे. तुमचे पेट्रोल इंजिन ६,००० च्या पुढे फिरते. तिथे तो गुदमरतो, मागे एक्झॉस्टचा दाब साचतो आणि छोटे वेस्टगेट जादा वायू बाहेर सोडू शकत नाही, त्यामुळे बूस्ट आपोआप चढत जातो. दुसरे कारण तापमान. डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा पूर्ण जोरावर ९०० च्या पुढे जातो. त्या उष्णतेसाठी ती टर्बाइन बनवलेलीच नाही. गॅरेटचा जीटी१२४१ किंवा मित्सुबिशीचा टीडी०२५ या वर्गातला, पाण्याने थंड होणारा टर्बो शोधा. सौम्य बूस्टवर १२० हॉर्सपॉवरपर्यंत तो पुरेल. त्याहून मोठ्या टर्बोला या बॉनेटखाली जागा नाही, आणि या इंजिनाला त्याची गरजही नाही.

प्रश्न : स्टेनलेसच्या पाइपांचा मॅनिफोल्ड करून घेतला, पण थोड्याच दिवसांत जोडाजवळ चिरला. कोल्हापुरात ओतून घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एका नगासाठी पॅटर्न करून ओतकाम परवडत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत दर्जेदार एसजी आयर्न (चिवट बीड) निघते यात शंका नाही, पण पाच-दहा जणांनी मिळून करून घेतला तरच ते जमेल.

चीर जाण्याची कारणे नेहमीचीच असतात. स्टेनलेस ३०४ हे साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते आणि पातळ पाइपवर टर्बोचे सगळे वजन लोंबकळत असते. अडचणीच्या जागेत लांब वळणांचा मॅनिफोल्ड हवाच कशाला? छोटा, सरळ 'लॉग' (सगळी तोंडे एकाच आडव्या पाइपात उघडणारा मॅनिफोल्ड) करा : सव्वा इंची, शेड्यूल ४० चे (जाड भिंतीचे) माइल्ड स्टीलचे पाइप आणि तयार एल्बो, भिंत साधारण ३.५ मिमी, हेडकडचा फ्लँज १० ते १२ मिमी. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या, टाकाऊ हेडवर स्टडने घट्ट कसून ठेवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडा. तरीही तो थोडा वाकतोच, म्हणून शेवटी सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. हे न केल्यामुळे गॅसकेट उडतात, आणि दोष मात्र गॅसकेटला दिला जातो.

टर्बोला खालून आधार द्या. तो इंजिनाच्या ब्लॉकला जोडा, बॉडीला कधीही नाही. टर्बोमधून धूर बाहेर नेणारा डाउनपाइप ५० मिमीचा पुरतो. त्यात जाळीदार फ्लेक्सचा तुकडा हवाच, नाहीतर इंजिनाचे सगळे झुकणे मॅनिफोल्डच्या जोडावर येते. पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा कसा.

प्रश्न : पिस्टन न बदलता किती बूस्ट देता येईल? इंटरकूलर टाळला तर चालेल का? पाइपांना जागाच नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ पिस्टनवर, नऊच्या आसपासच्या कॉम्प्रेशन रेशोला, ०.४ बारवर थांबा. वेस्टगेटची स्प्रिंगच तेवढी निवडा, बूस्ट कंट्रोलर नको.

इंटरकूलर टाळू नका. बाहेर ४० अंश असताना ०.४ बार दाबासाठी, ६५ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा साधारण ८८ अंशांपर्यंत तापवतो. ठीकठाक इंटरकूलर ती ५५-५७ अंशांवर आणतो. हा फरक नॉकिंग (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी, स्फोटासारखे पेटणे) होणार की नाही ते ठरवतो, आणि अशा इंजिनांचे पिस्टन बहुतेक नॉकिंगमुळेच फुटतात. पेट्रोल ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचेच भरा.

इंधनाचा हिशेब असा. १२० हॉर्सपॉवरला समृद्ध मिश्रण धरून तासाला सुमारे ४४ लिटर पेट्रोल लागते. चार इंजेक्टरमध्ये वाटले की प्रत्येकी मिनिटाला १८४ सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये, म्हणून २१६. बाजारातले २४० सीसीचे इंजेक्टर घ्या. बूस्ट वाढला की रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाबही तितकाच वाढला पाहिजे, म्हणजे रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली हवी. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. पंपाची क्षमता ३.५ बारला तपासा, उघड्या नळीला नाही.

मूळ मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बूस्ट वाचत नाही. दोन बार किंवा त्याहून मोठा सेन्सर आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) लागेलच. फक्त रेलचा दाब वाढवून भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्यात इग्निशन टाइमिंग जिथल्या तिथे राहते. बूस्टखाली एअर-फ्युएल प्रमाण ११.५ ते १२ ठेवा. टाइमिंग दर पीएसआय बूस्टमागे एक अंश मागे घेऊन सुरुवात करा, ०.४ बारला म्हणजे सहा अंश. प्लग एक पायरी थंड घ्या, एनजीकेमध्ये ६ चा ७, आणि गॅप ०.७ मिमी ठेवा.

प्रश्न : हीच गाडी रस्त्यावर वापरली तर आरटीओची अडचण येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच बाजूने निकाल दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. आमचा सल्ला स्पष्ट आहे : अशी गाडी ट्रॅकवरच चालवा आणि तिथपर्यंत ट्रेलरवर न्या.

कोकणातून विचारता म्हणून आणखी एक. जागा मिळते म्हणून एअर फिल्टर बंपरमागे खाली बसवू नका. पावसाळ्यात गाडी हलवताना साचलेल्या पाण्यातून एकदा जरी गेलात तरी ते पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न : टर्बो बसवल्यापासून आयडलिंगला निळा धूर येतो. टर्बो बदलला, तरी तेच. सील खराब आहेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नवीन टर्बोही तसाच धूर देत असेल तर दोष टर्बोत नाही. टर्बोचे सील रबराचे नसतात, ती पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची कडी असते. परतीचे तेल तुंबले की ते तिच्यातून झिरपणारच.

आधी परतीची नळी काढून आतून बघा. गॅसकेटला लावलेला सिलिकॉन अनेकदा आत पिळून येतो आणि निम्मे तोंड बंद करतो. मग क्रँककेसमधला दाब तपासा. तेल भरायचे झाकण काढल्यावर धूर लगेच कमी झाला तर ब्रीदर (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट) अपुरा आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये नेणारा) मूळ जागीच असेल तर बूस्ट त्यातून उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेलाला खाली उतरूच देत नाही. तिथे एकदिशा व्हॉल्व्ह घाला आणि हेडचा ब्रीदर कॅच-कॅनमधून (तेल अडकवणाऱ्या डब्यातून) कॉम्प्रेसरच्या आधीच्या पाइपला जोडा. शेवटी तेलाचा पुरवठा बघा. तुमचा टर्बो बॉल-बेअरिंगचा असेल तर येणाऱ्या नळीत सुमारे १ मिमी छिद्राचा रेस्ट्रिक्टर लागतो. साध्या बेअरिंगच्या टर्बोला तो सहसा लागत नाही, आणि उगाच घातला तर बेअरिंग कोरडे पडते.

सगळे पुन्हा जोडल्यावर लगेच स्टार्ट करू नका. टर्बोच्या वरच्या तोंडात थोडे तेल ओता, इग्निशन आणि इंजेक्टरची जोडणी काढा आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, मध्ये त्याला विश्रांती देत. मग सुरू करून दहा मिनिटे आयडलिंगवर ठेवा. आधीचे सांडलेले तेल सायलेन्सरमध्ये साचलेले असते. ते जळेपर्यंत थोडा धूर दिसत राहील, त्यावरून दुरुस्ती फसली असे समजू नका.