‘लोकप्रिय असूनही सुरेल’

प्रश्न इंदूरच्या एका वाचकाचा आहे. त्यांच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमावर कुणीतरी लिहिलं, ‘गायिका लोकप्रिय असूनही सुरेल गातात.’ ही स्तुती समजायची की टोमणा? आणि पुढच्या पत्रिकेत ‘सुगम संगीत’ छापावं, की त्या शब्दातच कमीपणा आहे?

टोमणाच आहे, पण तो ‘लोकप्रिय’मध्ये नसून ‘असूनही’मध्ये आहे. ‘पाऊस असूनही गर्दी होती’ म्हणताना पावसात माणसं येत नाहीत हे आपण धरून चालतो. इथे लोकांना आवडतं ते बेसूर असतं, हे धरलेलं आहे. कुणी तसं उघड म्हटलं असतं तर ‘कशावरून?’ असं विचारता आलं असतं. ‘असूनही’तल्या ‘ही’ला कोण जाब विचारणार? जागा बदलून बघा: ‘गायिका घराणेदार असूनही रंजक गातात.’ आता दुसऱ्या बाजूचे लोक चिडतील, आणि तेही बरोबरच असतील. ‘लोकप्रिय पण दर्जेदार’, ‘सिनेमात गातात तरी तयारीच्या आहेत’, ‘गळा गोड आहे हो, बाकी काय’ ही सगळी याच कुळातली वाक्यं.

खरी गंमत क्रियापदांत आहे, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. शास्त्रीय गाणारे बुवा मैफल ‘गाजवतात’. सिनेमाचं गाणं मात्र ‘गाजतं’. ‘गाजवणं’ हे प्रयोजक, म्हणजे करणारा कोण ते त्यात येतं आणि श्रेय त्याच्या नावावर जमा होतं. ‘गाजणं’ आपोआप झाल्यासारखं वाटतं. त्याखालची पायरी ‘गाणं चाललं’, आणि सगळ्यात खाली ‘खपलं’, जिथे गाणारी सोडाच, गाणंही उरत नाही, माल उरतो. ‘लोकांनी उचलून धरलं’ यात श्रेय लोकांना, तेही मानाने. ‘लोकांनी डोक्यावर घेतलं’ म्हटलं की जरा जास्तच झालं, असा सूर लागू शकतो. तसंच ‘दाद’ आणि ‘टाळ्या’ यांचं. दाद जाणकारांकडून ‘मिळते’, टाळ्या गर्दीकडून ‘घेतल्या’ जातात. द्रुत तानेनंतर तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं शास्त्रीय आणि लोकप्रिय, दोन्हीकडे होतं, पण एकाला दाद मिळाली आणि दुसऱ्याने टाळ्या घेतल्या असं आपण लिहितो. हा नियम नाही, कल आहे. ‘तिने एक काळ गाजवला’ असं पार्श्वगायिकेबद्दलही म्हणतातच. पण यश कुणाला शोभतं याचा निवाडा कितीतरी वेळा समीक्षकाच्या मतापेक्षा त्याच्या क्रियापदाने आधी दिलेला असतो.

आता ‘सुगम’. अर्थ सरळ: जिथे सहज जाता येतं ते. वाट सुगम आहे ती ऐकणाऱ्याला. गाणाऱ्याला ती सोपी आहे असं त्या शब्दात कुठेही नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. शास्त्रीय गायनातल्या खयालात सूर स्थिर व्हायला आलापाचा अवधी मिळतो. सुगम गाण्यात पहिल्या ओळीतच सूर, शब्द आणि भाव जागच्या जागी बसावा लागतो. बंदिशीत शब्द मध्येच तुटला तरी खपून जातं. भावगीतात श्वास शब्दाच्या पोटात घेतला की अर्थ मेला. तयारीचे गवईही इथे अडखळतात, बहुधा शेवटच्या अक्षरावर तान घेण्याच्या मोहामुळे.

शब्द रूढ झाला तो मुख्यतः आकाशवाणीमुळे, आणि त्यामागेही थोडा सोवळेपणा होताच. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली आणि त्यांच्या जागी आकाशवाणीने स्वतःची सुगम गाणी बसवायला घेतली. श्रोत्यांनी काटा सिनेमाची गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्यांना परत आणायला आकाशवाणीला 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. त्याच 1952 मध्ये इंदूरचे खयालगायक उस्ताद अमीर खाँ नौशाद यांच्या संगीतात ‘बैजू बावरा’साठी गात होते. त्या गाण्यांना काय म्हणणार? प्रकाराने चित्रपटगीत, अंगाने शास्त्रीय. पुढे 1984 मध्ये मध्य प्रदेश शासनाने लताबाईंच्या नावाने सन्मान सुरू केला, तोही सुगम संगीतासाठी, आणि पहिला दिला नौशाद यांना. सिनेमाला पर्याय म्हणून पुढे केलेल्या शब्दात सिनेमा असा रीतसर येऊन बसला. म्हणून इंदुरात तरी ‘सुगम’ छापायला मुळीच संकोच नको.

‘हलकं संगीत’ मात्र नको. ‘हलकंफुलकं’ चालेल, पण नुसतं ‘हलकं’ म्हणजे हलक्या प्रतीचं. ‘उपशास्त्रीय’ ठुमरी, दादरा, होरी, कजरीसाठी राखून ठेवा. गझल आणि भावगीत त्यात कोंबू नका.

‘लोकरंजन’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या जुन्या संस्कृत संगीतग्रंथातली रागाची व्याख्या बघावी: ‘रञ्जको जनचित्तानाम्’. जनांचं चित्त रंगवतो तो राग. ‘जाणकारांचं’ असं तिथे म्हटलेलं नाही. अर्थात जे जे रंजक ते ते चांगलं, असंही त्यातून निघत नाही. वाईट गाण्याला वाईट म्हणावंच, फक्त काय वाईट ते सांगावं: तार षड्जाला सूर उतरला, लय ओढली, ‘ण’चा ‘न’ झाला, दोन अंतऱ्यांची चाल एकच ठेवली. ‘उथळ’, ‘बाजारू’, ‘गल्लाभरू’ यांतून गाण्याबद्दल काहीच कळत नाही, तिकीट काढणाऱ्यांबद्दल लिहिणाऱ्याचं मत काय तेवढं कळतं. ‘गल्लाभरू’ तर निर्मात्याच्या हेतूबद्दल आहे. तो शब्द गायिकेला लावणं अन्यायच.

पत्रिकेचा मजकूर असा करता येईल: ‘सुगम संगीत: भावगीतं, गझला आणि चित्रपटगीतं’, खाली गायिकेचं नाव. नावाआधी ‘लोकप्रिय’ लिहायची गरज नाही. तशी असेल तर लोकांना माहीत आहेच, नसेल तर लिहून होणार नाही. आणि ‘गायनाची प्रस्तुती देतील’ हे हिंदीतून आलेलं काढा. ‘गातील’ एवढं पुरे.