वर्कफ्लोला बाहेरच्या प्रणाली जोडण्याची नोकरी घ्यावी का?

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराच्या मुलीचे पत्र आले आहे. ती रत्नागिरीत संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते आणि पुण्यातील एका मध्यम आकाराच्या कंपनीने तिला ‘इंटिग्रेशन डेव्हलपर’ म्हणून नोकरी देऊ केली आहे. ग्राहक कंपन्यांची खरेदी, मंजुरी, बिल अशी कामे वर्कफ्लो इंजिनवर, म्हणजे एकेक टप्पा क्रमाने पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्या टप्प्यांना बँक, जीएसटीचे पोर्टल, गोदामाचे सॉफ्टवेअर जोडायचे आणि जिथे तयार कनेक्टर, म्हणजे दोन प्रणाली जोडणारा तयार भाग, नाही तिथे जावा या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहायचा, असे कामाचे स्वरूप तिला सांगण्यात आले आहे. वर्गातील मित्र याला ‘नुसते सांधे जोडण्याचे काम’ म्हणतात आणि लो-कोड (फारसा कोड न लिहिता वापरता येणारी) साधने व एआय आल्यावर ते उरणारच नाही, असेही सांगतात. मुलगी एकाच साधनात अडकून पडेल, अशी वडिलांना भीती वाटते. पुढे कोकणात परत येऊन हे काम करता येईल का, हेही तिला जाणून घ्यायचे आहे. कंपनीला दहा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. जाता जाता तिने लिहिले आहे की गेले दोन हंगाम ती घराजवळच्या कॅनिंग कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाला मदत करत होती.

तुझ्या पत्रातले ते शेवटचे वाक्य तू सहज लिहिले असशील, पण माझ्या उत्तराची सुरुवात मी तिथूनच करणार आहे. त्याआधी माझे मत स्पष्टपणे सांगतो: ही नोकरी घे, मात्र होकार कळवण्यापूर्वी कंपनीला काही प्रश्न विचार आणि त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तरच घे.

कॅनिंग कारखान्यात पल्पच्या डब्यांची ऑर्डर येते तेव्हा काय घडते, हे तू जवळून पाहिले आहेस. साठा तपासला जातो, मालक दराला मंजुरी देतात, बिल तयार होते, वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या कारखान्याला १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर ई-इन्व्हॉइस म्हणून नोंद करावी लागते, राज्याबाहेर जाणारा माल पन्नास हजार रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचे ऑनलाइन कागदपत्र, काढावे लागते, आणि मग ट्रक घाट चढतो. हीच साखळी आकृतीत मांडण्याची बीपीएमएन नावाची एक प्रमाणित पद्धत आहे, तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. वर्कफ्लो इंजिन ती आकृती चालवते, म्हणजे कोणती ऑर्डर कोणत्या टप्प्यावर थांबली आहे हे आपल्या डेटाबेसमध्ये लक्षात ठेवते. साठा तपासणे, ई-इन्व्हॉइस काढणे या टप्प्यांवर मात्र इंजिनला स्वतःला काहीच येत नाही. तिथे कुणीतरी लिहिलेला कोड बाहेरच्या प्रणालीशी बोलतो आणि उत्तर घेऊन परत येतो. तो कोड लिहिणे हे तुझे काम असेल.

बोलणे सोपे असते. एपीआयला (दुसऱ्या प्रणालीने संवादासाठी ठेवलेल्या दाराला) विनंती पाठवून जेसन या मांडणीत आलेले उत्तर वाचणे तुला आजही जमेल, आणि तयार कनेक्टर किंवा एआय हेच काम तुझ्यापेक्षा लवकर करतील, हे तुझ्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. या कामाचा कस उत्तर येत नाही तेव्हा लागतो. समज, ई-इन्व्हॉइसची विनंती गेली, पोर्टलने नोंद केली, पण उत्तर परत येण्यापूर्वी नेटवर्क तुटले. तुझ्या कोडला फक्त टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपल्याचा इशारा, दिसला. काम झाले की नाही? ते कोडला कळत नाही, इंजिनलाही कळत नाही. कामुंडा नावाच्या वर्कफ्लो इंजिनच्या सातव्या आवृत्तीत तुझा जावा कोड अपवाद फेकतो, म्हणजे चूक झाल्याचे कळवतो, तेव्हा इंजिन आपला डेटाबेसमधील व्यवहार मागे घेऊन शेवटच्या जतन केलेल्या टप्प्यावर परत जाते आणि ते पार्श्वभूमीवर चालणारे काम असेल तर त्याचा ठरलेल्या संख्येइतका, सहसा एकूण तीन वेळा, प्रयत्न करते. पण इंजिन मागे गेले म्हणून पोर्टलवरची नोंद मागे जात नाही. ही एक गोष्ट ज्याला पक्की समजली, त्याला या व्यवसायाचे मर्म समजले, असे मी मानतो.

ई-इन्व्हॉइसच्या बाबतीत सुदैवाने रचनेतच आधार आहे. तिचा ६४ अक्षरांचा क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक यांवरून तयार होतो, त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवले तर दुसरी नोंद न होता ‘ही नोंद आधीच आहे’ असे उत्तर मिळते. नवखा प्रोग्रामर या उत्तराला चूक समजून प्रक्रिया थांबवतो. जाणता प्रोग्रामर आधीची नोंद मागवून घेतो आणि पुढे जातो. बँकेच्या बाबतीत असा आधार गृहीत धरता येत नाही. तिथे प्रत्येक देण्याला आपणच एक कायम राहणारा संदर्भ क्रमांक द्यावा लागतो, तो विनंती पाठवण्याच्या आधी जतन करावा लागतो आणि पुन्हा प्रयत्न करताना नवा क्रमांक न बनवता तोच वापरावा लागतो. मार्गदर्शनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे याच क्षेत्रात काम केले. त्या काळात आमच्या एका ग्राहकाच्या प्रक्रियेत दर प्रयत्नाला नवा क्रमांक बनत होता आणि एका रात्रीत कित्येक ट्रकमालकांना भाड्याची रक्कम दोनदा गेली. ती परत मिळवण्यासाठी कार्यालयातील लोकांना तीन आठवडे एकेका ट्रकमालकाला फोन करावे लागले, आणि त्यांतल्या अनेकांनी तोवर ते पैसे डिझेलला वापरलेही होते. चूक दोन ओळींची होती. माझ्या टेबलावरून तपासून गेलेला तो कोड मी आजही विसरलेलो नाही.

दुसरी समज चुकांच्या प्रकारांची लागते. पोर्टल बंद आहे, ही तांत्रिक अडचण झाली. दहा मिनिटांनी पुन्हा विचारले तर काम होईल. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांकच चुकीचा आहे, ही व्यवहारातील अडचण. शंभर वेळा विचारले तरी तेच उत्तर येणार. पहिल्या प्रकारात इंजिनला पुन्हा प्रयत्न करू द्यायचे, दुसऱ्या प्रकारात आकृतीतच वेगळी वाट काढून ते काम माणसाच्या यादीत टाकायचे, आणि तिथे हिशेबनीस ताईंना समजेल अशा मराठीत कारण लिहायचे. अनेक ठिकाणी हे दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरलेले असतात. मग सकाळी कार्यालय उघडते तेव्हा पडद्यावर फक्त ‘५००’ हा, सर्व्हरमध्ये काहीतरी बिघडले एवढेच सांगणारा आकडा दिसतो आणि कुणाला काय करायचे ते कळत नाही. तू त्या खुर्चीत बसली आहेस, म्हणून तो आकडा पाहून हतबल झालेल्या माणसाची कल्पना तुला करता येईल. ही कल्पना करता येणे मी तुझी सर्वांत मोठी पात्रता समजतो.

रद्द करणे हाही असाच विषय आहे. ट्रक भरल्यावर ऑर्डर रद्द झाली तर आधीचे टप्पे उलटे फिरवावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्याचा उलटा रस्ता वेगळा असतो. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते. त्यानंतर क्रेडिट नोटचा, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणाऱ्या दस्तऐवजाचा मार्ग घ्यावा लागतो. लांब चालणाऱ्या व्यवहारांत प्रत्येक पायरीला तिची भरपाई करणारी पायरी जोडून ठेवावी, हा विचार संगणकशास्त्रात १९८७ मध्ये ‘सागा’ या नावाने मांडला गेला. तुझ्या अभ्यासक्रमात तो असेल तर ते प्रकरण पुन्हा काढून वाच. पण २४ तासांची मर्यादा त्या प्रकरणात सापडणार नाही. ती कारखान्याच्या हिशेबनिसाला विचारावी लागते, आणि असे नेमके प्रश्न विचारणारा माणूस लो-कोड साधने आल्यावरही लागतोच. जुन्या गोदामाचे सॉफ्टवेअर रोज रात्री एका फोल्डरमध्ये फक्त मजकुराची फाइल टाकत असेल, तर त्याला कोणताही तयार कनेक्टर बसत नाही, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत अशी सॉफ्टवेअरे बरीच आहेत.

वडिलांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. साधनात अडकलेली मुले मी पाहिली आहेत. कामुंडाचेच उदाहरण घे. सातव्या आवृत्तीत इंजिन आपल्या जावा अ‍ॅप्लिकेशनच्या आतच बसवता येत असे आणि आपण लिहिलेला जावाचा वर्ग (क्लास, म्हणजे कोडचा एक घटक) इंजिन थेट चालवत असे. आठव्या आवृत्तीत इंजिन वेगळे झाले आणि आपला कोड स्वतंत्र ‘वर्कर’ म्हणून बाहेरून काम मागून घेऊ लागला. ज्यांनी दराचे नियम, बिलाची रचना, सगळे काही इंजिनला बांधलेल्या अशा वर्गांतच कोंबले होते, त्यांना ते पुन्हा लिहावे लागले. ज्यांनी इंजिनशी बोलणारा थर पातळ ठेवून मूळ काम साध्या जावामध्ये लिहिले होते, त्यांचा पातळ थर तेवढा बदलला. माणसाचेही तसेच करता येते. साधनाचे प्रमाणपत्र घ्यायला हरकत नाही, पण एचटीटीपी (वेबवरील संवादाची पद्धत), डेटाबेसमधील व्यवहार, संदेशांची रांग, ओऑथसारखी ओळख पटवण्याची पद्धत आणि चाचण्या लिहिणे यांवर जास्त वेळ घाल. या गोष्टी कोणत्याही इंजिनसोबत चालतात.

कंपनीला काय विचारायचे? वर्कफ्लोमधील कोड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, ठेवला जातो का आणि त्याच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत का, हे विचार. बाहेरची प्रणाली बंद पडल्यावर अडकलेली कामे कोण पाहते आणि नवख्या मुलांना ती पाहायला मिळतात का, हे विचार. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अडकलेल्या कामांतूनच हे शिक्षण मिळते. ग्राहकाच्या लोकांशी पहिल्या वर्षात बोलता येईल का, हेही विचार. उत्तर असे आले की चाचण्या नाहीत, कोड पडद्यावरच्या चौकटीत थेट टाकला जातो आणि तुला फक्त तक्रारींची नोंद करायची आहे, तर नम्रपणे नकार दे.

कोकणात परतण्याविषयी तुला खोटी आशा दाखवणार नाही. रत्नागिरीतील मासळी प्रक्रिया उद्योग, सिंधुदुर्गातील काजूचे कारखाने आणि आंब्याचे कॅनिंग यांना हे काम उपयोगी आहे, पण त्यासाठी पूर्ण वेळ माणूस ठेवणारे आज थोडे आहेत. निदान तीन-चार वर्षे पुण्यात, जाणत्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून काढ. पुढे घरून काम करण्याची मुभा मागण्याइतकी पत तुझ्याकडे तयार होईल, आणि हंगामात कारखान्यांची कामे घेता येतील.

रुजू होण्यापूर्वी वेळ मिळेल तो एका छोट्या प्रकल्पाला दे. पल्पच्या ऑर्डरची आकृती काढ, ती एखाद्या मोफत इंजिनवर चालव आणि खऱ्या पोर्टलऐवजी स्वतः लिहिलेला एक खोटा सर्व्हर जोड. तो सर्व्हर मुद्दाम त्रास देणारा हवा: कधी तीस सेकंद उशिरा उत्तर देणारा, कधी ‘५००’ पाठवणारा, कधी नोंद करून उत्तरच न देणारा. मग प्रक्रिया मध्येच बंद करून पुन्हा सुरू कर आणि एका ऑर्डरचे दोन ट्रक निघतात का ते पाहा. आकृती काढण्याआधी कारखान्यातील हिशेबनिसांकडे एक दुपार बस आणि गेल्या मे महिन्यात नेमके काय काय अडले होते, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घे.

नेमणूकपत्रात बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, असेल तर त्याची मुदत आणि रक्कम बाबांना सोबत घेऊन वाच, आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायला मागितली तर ती देऊ नकोस. पडताळणीसाठी दाखवून परत घेणे पुरेसे असते.