काळ्या मातीच्या आवारात गार्डन रेल्वे टाकायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावी घरामागं 30 बाय 40 फुटांचं आवार रिकामं पडलंय, त्यात गार्डन रेल्वे, म्हणजे अंगणात फिरणारी छोटी मॉडेल आगगाडी, टाकायचीय, माती काळी आहे, खर्च बेताचा करायचाय आणि कुठलं इंजिन घ्यावं ते कळत नाहीये.

इंजिनाचं नाव सध्या काढू नका. मीही इंजिनापासूनच सुरुवात केली होती. ते दीड वर्ष कपाटावर बसून होतं, कारण खाली त्याला चालायला रूळ टिकत नव्हता.

मी वऱ्हाडातल्या दर्यापूर तालुक्यातला. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणं हा माझा धंदा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं, काळी माती पुरुषभर खणली तरी संपत नाही. तुमच्याकडेही तसलीच असेल तर ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते हे तुम्हाला मी सांगायला नको. वावरात आपण हे जन्मभर बघतो. पण अंगणात काम काढताना नेमकं हेच विसरतो. मी मिस्त्रीचं ऐकून तीन इंच जाडीची, हातभर रुंद काँक्रीटची पट्टी ओतली. ओळंबा, पाणसळ, सगळं चोख. पावसाळ्यात ती मधोमध इंचभर वर उचलली गेली आणि पुढच्या मे महिन्यात चार ठिकाणी तडकली. पातळ काँक्रीट मातीला दाबून धरू शकत नाही, माती त्याला उचलते.

दुसऱ्या खेपेला जास्त शहाणपणा केला. फूटभर खोल चर खणला, काळी माती बाहेर काढली आणि त्यात मुरूम भरला. ऐकायला बरोबर वाटतं ना? जुलैमध्ये त्या चराचा हौद झाला. मुरमातून पाणी झिरपतं, आजूबाजूची चिकणमाती ते जाऊ देत नाही, त्यामुळं आवारातलं सगळं पाणी चरात येऊन मुक्काम करायला लागलं. खालची माती आणखी फुगली.

गावात एक म्हातारे काका आहेत, शकुंतला या आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या गाडीच्या मार्गावर गँगमन होते. त्यांनी चर बघितला आणि हसले. म्हणाले, "अरे, रूळ कोनी गाडते काय? वर उचल त्याले. गिट्टी टाक, पान्याले वाट दे." यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतलेची सगळी लाइन ब्रिटिशांनी वऱ्हाडचा कापूस न्यायला टाकली. ती अशाच मातीवरून जाते, आणि भरावावरून जाते. खरी रेल्वेसुद्धा जमिनीला घट्ट बांधलेली नसते. ती गिट्टीवर टेकलेली असते. जमीन हलली की गँगमन स्लीपरखाली, म्हणजे रुळाखालच्या आडव्या ओंडक्यांखाली, गिट्टी ठोकून पुन्हा लेव्हल करतो. तेच छोट्या मापात करायचं.

म्हणून आता माझा रूळ जमिनीपासून नऊ इंच वर, मुरमाच्या भरावावर आहे. पायथा दोन फूट रुंद, माथा नऊ इंच. मुरूम तीन-तीन इंचांच्या थरानं टाकून पाणी मारून धुमसानं ठोकला. दोन्ही बाजूंनी छोटी नाली काढली आणि तिचं तोंड आवाराबाहेर सोडलं. ही नाली रुळापेक्षा महत्त्वाची समजा. मुरमावर दोन इंच दगड फोडणाऱ्या क्रशरची चुरी. रेती वापरू नका, गोल कण एकमेकांवरून घसरतात आणि स्लीपर हलतो. चुरीच्या कणांना कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात. भराव घातल्यावर एक पूर्ण पावसाळा त्यावर काहीही बसवू नका. जिथं खचायचं तिथं खचू द्या.

तोवर आखणी करा. कागदावर नको, जमिनीवर. एक खुंटी, एक सुतळी आणि मैदान आखायची चुन्याची फक्की पुरते. तुमच्या जागेत सहा फूट त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि मध्ये पंधरा-पंधरा फुटांचे दोन सरळ तुकडे आरामात बसतात. 12 फूट रुंद, 27 फूट लांब, एकूण फेरी साधारण 68 फूट. त्रिज्या चार फुटांच्या खाली आणू नका. वळण आवळलं की डबे बाहेर पडतात आणि बॅटरीही जास्त खर्च होते. पहिल्या वर्षी चढही नको आणि रूळ बदलायचा फाटाही नको. नुसती एक फेरी. पुढं कधी चढ दिलाच तर पन्नासला एकपेक्षा जास्त देऊ नका, म्हणजे दहा फुटांत जेमतेम अडीच इंच. लेव्हल बघायला मिस्त्री लोकांची पाण्याची नळीच सगळ्यात चांगली.

आता मापाचं. बाजारात गार्डन रेल्वे म्हणजे बहुतेक 45 मिलिमीटरचा रूळ, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. जर्मनीच्या एलजीबी कंपनीनं 1968 मध्ये तो घराघरात नेला. त्यांचं प्रमाण 1:22.5 आहे, म्हणजे 45 मिमीचा रूळ हा खऱ्या मीटरगेजचा, एक मीटर अंतराच्या रुळांचा, बच्चा. त्यांचे पितळी रूळ उत्तम असतात, पण ते मागवायचे तर माझ्यासारख्यानं एक म्हैस विकावी लागेल. शिवाय मला मीटरगेज नकोच होतं, मला शकुंतला हवी होती. तिचा रूळ 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिमी. त्याला 32 मिमीनं भागा, 24च्या आसपास येतं. 32 मिमी हेही जगभर वापरात असलेलं माप आहे, त्यामुळं पुढं कधी तयार चाकं घ्यावीशी वाटली तर मिळतात. 1:24 हे प्रमाण हिशोबालाही सोपं: खऱ्यातला एक फूट म्हणजे अर्धा इंच. मुलंसुद्धा फूटपट्टी घेऊन डबा आखतात.

रूळ मी घरीच केला. अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडं 3 बाय 12 मिमीची पट्टी मिळते. ती उभी धरून स्लीपरच्या खाचेत बसवायची. स्लीपर सागवानाचे, आरा मशीनवरच्या तुकड्यांचे, तीन इंच लांब, अर्धा इंच रुंद. दर दोन इंचांवर एक धरला तरी 68 फुटांना चारशेच्या वर लागतात. प्रत्येकाला दोन खाचा हातानं पाडत बसाल तर एकही जोडी सारखी येणार नाही. मी मोटारीच्या शाफ्टवर 3 मिमी जाडीची दोन पाती लावली आणि मधे 32 मिमीचे वॉशर कोंबले. एका झटक्यात दोन्ही खाचा. पट्टीची आतली वरची कड कानशीनं थोडी मोडून घ्या, नाहीतर चाकाची कड तिच्यावर चढते. सागवान सोडून दुसरं लाकूड वापरलं तर उधई दोन पावसाळ्यांत फडशा पाडेल. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. आमच्याकडच्या खाऱ्या मातीपाण्यात साधा स्क्रू वर्षभरात गंजून फुटाणा होतो.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जानेवारीतल्या सकाळी पट्टी दहा अंशांवर असते, मेमधल्या दुपारी उन्हात ती साठीच्या पुढं जाते. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला 0.023 मिमी वाढतं. बारा फुटांची अख्खी पट्टी म्हणजे साडेचार मिमीच्या आसपास. मी हिवाळ्यात पट्ट्या टोकाला टोक भिडवून बसवल्या होत्या आणि एप्रिलमध्ये वळणाजवळ रूळ सापासारखा बाहेर आला. तेव्हा पट्टी सहा-सहा फुटांचीच कापा. हिवाळ्यात बसवली तर दर सांध्याला सव्वादोन मिमी फट सोडा, भर उन्हाळ्यात बसवली तर जवळजवळ भिडवा. जोडपट्टीला एका बाजूला साधं भोक, दुसऱ्या बाजूला लांबट भोक, म्हणजे पट्टी सरकायला मोकळी राहते. वळणावर दोन्ही रुळांच्या फटी समोरासमोर आणू नका, तिथं कोन पडतो.

रुळातून वीज द्यायच्या भानगडीत पडू नका. धूळ, दव, पक्ष्यांची घाण, यानं चाक आणि रुळाचा संपर्क तुटतो आणि रोज रूळ घासावा लागतो. बॅटरी इंजिनातच ठेवा. 18650 मापाचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, सोबत संरक्षणाचं सर्किट, 12 व्होल्टची गिअरवाली मोटर आणि जुन्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. गिअर मोटर किती फेऱ्यांची घ्यावी? माझं चाक 35 मिमीचं. 1:24 मध्ये ताशी 20 किलोमीटरचा वेग हवा तर चाक मिनिटाला सव्वाशे फेरे फिरायला पाहिजे. बाजारात 100 आणि 150 फेऱ्यांच्या मोटारी सहज मिळतात, दोन्ही चालतात. 500 ची घेतलीत तर ती शकुंतला न राहता चोराच्या मागं लागलेली मोटारसायकल होते. चाकं लेथवर करून घेतली. जोडीतल्या चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर 28 मिमी ठेवा, यात एक मिमीही इकडेतिकडे नको. सेल तापलेले असताना चार्ज करू नका, आणि मेमध्ये इंजिन अकराच्या आत घरात आणा.

इंजिनाचं अंग मी तेलाच्या टिनाच्या पत्र्याचं केलं. नमुना त्या वाफेच्या इंजिनाचा, जे मँचेस्टरला 1921 मध्ये बनलं आणि या मार्गावर 1994 पर्यंत चाललं. आता तर गाडीच बंद आहे, काही ठिकाणी रुळांत बाभळी उगवल्यात. डबे आमच्याच गावच्या सुताराचे. तो तान्ह्या पोळ्याला चाकांचे लाकडी बैल करतो. डब्याचं चित्र बघून म्हणाला, "भाऊ, बैलाले चार चाकं देतो मी, याले आठ कायले?" मी बोगी, म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा फिरता सांगाडा, कशी वळते ते दाखवलं तर त्यानं माझ्यापेक्षा चांगली करून दिली. तुमच्या गावात असा सुतार असेल तर आधी त्याला गाठा. ऑनलाइन शोधण्यात दिवस घालवू नका.

झाडं बारीक पानांचीच लावा: तुळस, सब्जा, पुदिना, कापून बुटकी ठेवलेली मेंदी, चिनी गुलाब. तुळस सहा इंचांवर खुडत राहिलात तर लांबून निंबाच्या झाडासारखी दिसते. बोअरचं पाणी खारं असेल तर ते घालू नका. हरळी मात्र भरावात शिरू देऊ नका, एकदा घुसली की चुरी उकरल्याशिवाय निघत नाही. आणि कोंबड्या! वानरांची भीती सगळे घालतात, माझ्याकडं ती दोनदा आली, डबा उचलून बघितला, टाकून दिला. कोंबड्या रोज चुरी उकरतात. शेवटी भरावाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जाळी लावली. सकाळी हात घालण्याआधी काठीनं चुरी हलवा, विंचू सापडतो. घरच्यांचं मत विचाराल तर बायको पहिल्या वर्षी म्हणाली होती, "आता आंगनात टेसन बांधता काय?" सध्या स्टेशनची कवेलूं तीच रंगवते.

दोन वेळा लेव्हल तपासायची: पहिला दमदार पाऊस होऊन आठ दिवसांनी, आणि मार्चमध्ये भेगा पडायला लागल्या की. जिथं बसलंय तिथं स्लीपरखाली सपाट पट्टीनं चुरी सरकवायची. 68 फुटांना मला दोन तास लागतात.

उंचावर, खांबांवर रूळ घ्यावा का असंही वाटेल, कारण वाकावं लागत नाही. घ्या, पण दोन फूट गाडलेला खांब काळ्या मातीत सरळ राहील ही आशा ठेवू नका. अशा मातीत घरांचे खांबसुद्धा साडेतीन मीटरपर्यंत खोल नेतात. त्यापेक्षा प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आटे पाडलेला रॉड आणि दोन नट ठेवा, खांब हलला की पान्यानं लेव्हल करा.

यंदा फक्त एवढं करा. मे महिन्यात आवारातल्या भेगांमध्ये तुराटीची काडी घालून बघा. काडी वीतभरच जात असेल तर नऊ इंचांचा भराव पुरेल. हातभर जात असेल तर भराव फुटाचा करा आणि नाली दुप्पट रुंद. आणि तिथं माती काळी नसून मुरमाड निघाली तर वरचं निम्मं विसरा, सरळ चुरी टाका आणि पोळ्याच्या आत गाडी चालवा.