पहिल्या बफेलो शिकारीला .३७५ न्यावी की .४५८?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टेक्सासमध्ये सात-आठ वर्षं .३०-०६ ने हरणांची शिकार केलीत, पुढच्या वर्षी केप बफेलोसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्यासाठी, पहिल्यांदाच झिम्बाब्वेला जाताय, आणि रेंजवरचे मित्र सांगतायत की .४५८ पेक्षा लहान काही नेऊ नका. मी तिथल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात दोनदा जाऊन आलोय. माझं उत्तर .३७५ एच अँड एच मॅग्नम, बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची रायफल. (हे आकडे बोअरचे, म्हणजे साधारण नळीच्या व्यासाचे, इंचात.)

मित्रांचं चुकतंय असं नाही. .४५८ विंचेस्टर मॅग्नमची ५०० ग्रेनची गोळी, म्हणजे बत्तीस ग्रॅमहून जड, रेड्याला थांबवायला भरपूर आहे. पण ती झाडणारा माणूसही हिशेबात धरायला हवा. .३७५ चा धक्का .३०-०६ च्या साधारण दुप्पट, आणि .४५८ चा जवळजवळ तिप्पट. मीही आधी .४५८ च घेतली होती. महिनाभर सराव केला आणि वाटलं, जमलं. मग एका शनिवारी मित्राने मला न सांगता मधेच एक डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस भरलं. मी चाप ओढला, नुसतं ‘टक्’ झालं, आणि नळीचं तोंड सरळ खाली गेलं. धक्का बसायच्या आधीच माझं अंग त्याला घाबरलं होतं. बारच नाही, तरी नेम गेला होता! पुढे दोन महिने ती खोड मोडायचा प्रयत्न केला, शेवटी रायफल विकून .३७५ घेतली.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे माग काढणारा माणूस. रेड्याचा माग तो काढतो. शेणाला बोटाची मागची बाजू लावून ते किती गरम आहे बघतो, मोपानीच्या झाडांच्या पानांवरून पुढे सरकतो. तो सगळ्यांच्या पुढे असतो आणि त्याच्या हातात फक्त नेम धरताना तुमची रायफल टेकवायची तिकाटणी असते, बंदूक नाही. तुमची गोळी पोटात लागली, तर सहा-सातशे किलोचा जखमी रेडा दाट झाडीत शिरतो, आणि त्याच्या मागावर पहिला जातो तो हाच माणूस. रेड्याचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून बोअर निवडताना मी एकच गोष्ट बघतो, की पहिली गोळी जागेवर लागेल का.

जागा म्हणजे नेमकी कुठे, तर रेडा आडवा उभा असेल तेव्हा पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. रेड्याचं हृदय वाटतं त्याहून खाली असतं. हरणांची सवय असलेले लोक वर मारतात. माझ्या पहिल्या रेड्यावर साठेक मीटरवरून ३०० ग्रेनची गोळी झाडली. तो एकदम आकसला आणि झाडीत गेला. प्रोफेशनल हंटरने, म्हणजे सोबतच्या शिकारी वाटाड्याने, लगेच दुसरी झाडायला लावली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं. काही मिनिटांनी आतून एक लांब, खोल हंबरडा आला, रेडा मरताना काढतो तो. तो ऐकल्यावर माग काढणारा पहिल्यांदा हसला. मला मात्र बराच वेळ बोलता आलं नाही.

.३७५ चं आणखी एक. ती १९१२ पासून आहे आणि आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी धोक्याच्या जनावरांसाठी हीच किमान मर्यादा धरतात. त्यामुळे सामान हरवलं तरी कॅम्पवर या बोअरची काडतुसं मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय याच रायफलने कुडूसारखी मोठी हरणं आणि झेब्राही मारता येतात. .४१६ रिग्बी किंवा .४१६ रेमिंग्टन तुमच्या खांद्याला खरंच झेपत असेल तर जरूर घ्या, ४०० ग्रेनची गोळी रेड्यावर जास्त चांगली बसते. फक्त आधी डमी काडतुसाची परीक्षा द्या. .४७० ची दुनळी पहिल्या सफारीला नको, तिची किंमतही आवाक्याबाहेरची आहे. (जाता जाता, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, म्हणून .४६५, .४७० असे बोअर पुढे आले. या बंदुकांच्या इतिहासात आपला देश असा मधोमध आहे.)

रायफल घेताना बोल्टला माउझरसारखा मोठा पंजा आहे ना, ते बघा. तो काडतूस मॅगझिनमधून निघताक्षणी धरून ठेवतो, त्यामुळे घाईत दोन काडतुसं अडकत नाहीत. विंचेस्टर मॉडेल ७० च्या सफारी रायफली किंवा जुनी सीझेड ५५० चालेल. दुर्बीण कमी पॉवरची, १ ते ४ किंवा १ ते ६, आणि डोळ्यापासून लांब बसणारी. नाहीतर भुवई फुटते, मी फुटलेली बघितली आहे. पहिली गोळी चांगली सॉफ्ट, म्हणजे लागल्यावर फुलणारी, घ्या, स्विफ्ट ए-फ्रेम किंवा बार्न्सची तांब्याची. सॉलिड, म्हणजे न फुलणारी, किती आणि कधी, ते तुमच्या हंटरला विचारा.

कागदपत्रांत निघण्याआधी अमेरिकन कस्टम्सकडून ४४५७ नंबरच्या फॉर्मवर शिक्का घ्या. वाटेत जोहान्सबर्गला सामान हातात घेणार असाल तर दक्षिण आफ्रिकन पोलिसांचा तात्पुरता परवानाही लागेल. काडतुसं विमानात साधारण पाच किलोपर्यंतच नेऊ देतात.

आणि टेबलावर रायफल टेकवून सराव करू नका. आजच तीन पायांची तिकाटणी मागवा. ती उभी करून, उभ्यानेच, पन्नास-साठ मीटरवरच्या जेवणाच्या ताटाएवढ्या लक्ष्यावर आठवड्याला दहा गोळ्या झाडा. पहिली गेली की खांद्यावरून न काढता बोल्ट मागे ओढा आणि दुसरी झाडा. मध्ये मध्ये मित्राला डमी भरायला सांगा, कधी ते तुम्हाला कळू न देता.