काच किती वेळा बदलावी लागेल?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचा, म्हणजे फसाडचा, आयुष्यभराचा कार्बन मोजण्याच्या कामात उतरावंसं वाटतं. घरचे म्हणतात, हे फॅड आहे, ओसरेल. लगेच सॉफ्टवेअरचा कोर्स लावू का?

उत्तर : घरच्यांना सांग, ही मोजणी काल-परवाची नाही. जीवनचक्र मूल्यांकनाचं आयएसओ १४०४० हे मानक पहिल्यांदा १९९७ मध्ये आलं आणि इमारतींसाठीचं युरोपीय मानक ईएन १५९७८ हे २०११ मध्ये. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, उभारणी, वापर, दुरुस्ती, पाडकाम अशा सगळ्या टप्प्यांचा हिशेब त्यात आहे. तेव्हा या क्षेत्रात जरूर ये. सॉफ्टवेअरचा कोर्स मात्र इतक्यात लावू नकोस.

त्याचं कारण दुहेरी काचेच्या उदाहरणातून सांगते. दोन काचा, त्यांच्यात अंतर राखणारी, कडेने फिरणारी स्पेसरची पट्टी, तिच्या पोटात ओल शोषणारे दाणे आणि बाहेरून फट बंद करणारं सीलंट. साधारण पंचवीस-तीस वर्षांत हे सीलंट दमतं. आत दमट हवा शिरते, दाणे ओलेचिंब होतात आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते आतूनही पुसता येत नाही, बाहेरूनही नाही. काचेला साधा ओरखडासुद्धा नसतो, तरी अख्खं युनिट काढून टाकावं लागतं.

आता आकडे मांडू. एक मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. सहा मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे ३० किलो. हिशेब ६० वर्षांचा आणि युनिटचं आयुष्य २५ वर्षांचं धरलं, तर दोनदा बदल येतो. म्हणजे एका चौरस मीटरपाठी ९० किलो काच. ही काच सुमारे १५०० अंशांच्या भट्टीतून येते, शिवाय तिच्यातला चुनखडक आणि सोडा ॲश वितळताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात. सॉफ्टवेअरमध्ये आयुष्याच्या रकान्यात ६० भरलंस, तर ते निमूटपणे ३० किलोंचंच उत्तर देईल. चूक त्याला कळणार नाही, तुला कळायला हवी.

आणि खरं काम त्याच्याही पुढे आहे. काच चौकटीला चिकटवली आहे की गॅस्केट (रबरी पट्टी) आणि स्क्रूच्या पट्टीने दाबून बसवली आहे? दाबून बसवलेली असेल तर फक्त काच बदलते. नाहीतर ॲल्युमिनियमची चौकटही सोबत जायची भीती असते. ॲल्युमिनियम धातुकातून काढायला प्रचंड वीज लागते. भंगारातून करायचं तर त्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जेत भागतं. एका डिटेल ड्रॉइंगवरच्या रेघेने किती फरक पडतो बघ! आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीच्या हातात ती रेघ असते, म्हणून मला तुझं पत्र फार मोलाचं वाटलं.

इन्सुलेशन जाड केलं की वीज वाचते, हेही खरं. पण त्यातून कार्बनची बचत वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने होते, आणि वीज स्वच्छ होत गेली की दरवर्षीचा थेंब लहान होतो. कारखान्यातून निघालेला कार्बन मात्र पहिल्याच दिवशी हवेत गेलेला असतो. ही तुलना मांडता येणाऱ्या माणसाला फसाड सल्लागारांकडे, हरित इमारतींच्या सल्लागारांकडे आणि उत्पादनांची पर्यावरणीय घोषणापत्रं म्हणजे ईपीडी तयार करणाऱ्या कंपन्यांकडे काम असतं.

येत्या सुट्टीत फसाड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये महिनाभर उमेदवारी कर. युनिट कसं जोडतात, आणि मुख्य म्हणजे जुनं कसं सोडवतात, ते बघ. मग एका खिडकीचा ६० वर्षांचा हिशेब वहीवर हाताने मांड. काचेची, ॲल्युमिनियमची ईपीडी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. घरच्यांना ते पान दाखव. तुझ्या पोर्टफोलिओतलं पहिलं पानही तेच ठेव. सॉफ्टवेअर चौथ्या वर्षात शिकलीस तरी चालेल.